बहिणीचं कर्ज, भावाची सही

वाचकाचं वय २८. खासगी कंपनीत नोकरी, पगार हातात २६ हजार. धाकट्या बहिणीला यंदा सीईटी देऊन, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात बीएस्सी नर्सिंगला जागा मिळाली आहे. कॉलेजच्या खिडकीवर तोंडी सांगितलेला आकडा असा : वर्षाची फी १ लाख १५ हजार, वसतिगृह आणि मेसचे ६० हजार. म्हणजे चार वर्षांचे सात लाख. वडिलांची कोरडवाहू शेती, पीककर्ज थकलेलं. त्यांच्या नावचा उत्पन्नाचा दाखला १ लाख २० हजारांचा. कुटुंब इतर मागासवर्गीय. बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘वडिलांचं सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद) खराब आहे, भाऊ सहकर्जदार होत असेल तर बघू’ असं सांगून परत पाठवलं. मामा म्हणतात, जीएनएम (नर्सिंगची पदविका) करू दे, तीन वर्षांत मोकळी होईल. वडील म्हणतात, अर्धा एकर काढू. ओळखीतला एक एजंट शेजारच्या राज्यातल्या कॉलेजात ‘कर्जासकट सगळं करून देतो’ म्हणतो आहे. पत्रलेखकाला स्वतःचं घर घ्यायचं आहे, लग्नही लांबलं आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘सही करायला माझी ना नाही. पण उद्या तिचं लग्न झालं, तिने नोकरी केली न केली, तर हप्ते मीच भरत बसायचे का? असा विचार मनात येतो याचीच लाज वाटते.’

नमस्कार.

लाज वाटण्याचं काही कारण नाही. जो सही करतो त्याने हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो सहीच्या आधी विचारलेला बरा. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. बँकेच्या लेखी तुम्ही आणि तुमची बहीण सारखेच जबाबदार असता. हप्ता चुकला तर बँक आधी तिच्याकडे जाईल आणि मग तुमच्याकडे येईल असा काही क्रम ठरलेला नसतो. त्यामुळे तुमची धास्ती खरी आहे. पण तुम्ही ती चुकीच्या आकड्यावर आणि चुकीच्या क्रमाने करता आहात असं मला वाटतं. सही कुणाची, हप्ते कुणाचे, हे प्रश्न नंतरचे. आधी कर्ज किती, ते बघू.

सात लाख हा आकडा तुम्हाला कुणी लिहून दिलेला नाही. खिडकीवर कुणीतरी बोललं आणि घरातले चौघे त्यावर झोप घालवून बसले. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याने ते नेमलेलं आहे आणि कॉलेजनिहाय मंजूर फी त्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आधी तिथे जाऊन तुमच्या कॉलेजचा यंदाचा आकडा बघा. मग कॉलेजकडून शिक्का-सहीचं वर्षवार शुल्कपत्रक मागा, त्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि परत मिळणारी अनामत सगळं वेगवेगळं दाखवलेलं हवं. बँकेलाही हाच कागद लागतो, तेव्हा तो मागण्यात संकोच कसला?

आता तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखही नाही अशी गोष्ट. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आणि त्याच शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. त्याआधी हा लाभ पन्नास टक्के होता. मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग किंवा इतर मागास वर्ग यांपैकी असावी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, या अटी. तुमच्या पत्रातली माहिती बरोबर असेल तर तुमची बहीण तिन्हीत बसते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. एजंटाच्या वाटेने गेलात तर पहिला फटका इथेच बसतो.

ही माफी आपोआप होत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर, अर्ज भरावा लागतो आणि तो दर वर्षी. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि बहिणीच्या नावचं, आधार जोडलेलं बँक खातं, ही तयारी आजच करा. नॉन-क्रीमीलेअर वेळेत नसल्याने चांगल्या मार्कांच्या मुलींचे अर्ज अडकतात आणि तहसील कार्यालय तुमच्या मुदतीकडे बघून काम करत नाही. कॉलेजने ‘आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ’ असं म्हटलं तर वाद घालू नका. तेच वाक्य लेखी मागा. शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. तरीही अडले तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. लेखी मागितलं की बऱ्याच खिडक्यांवरचा सूर बदलतो.

माफीत काय येत नाही तेही सांगते. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं, प्रवास हे तुमच्याच खिशातून जाणार. समजा, शिक्षण शुल्क वजा जाता वर्षाला ७५ हजारांचा खर्च उरला. चार वर्षांचे तीन लाख. सात लाख आणि तीन लाख यांत नुसता चार लाखांचा फरक नसतो, हे खालच्या हिशोबात दिसेल.

व्याज दहा टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण या काळात सरळव्याज चढत राहतं. दर वर्षाच्या सुरुवातीला पैसे उचलले असं धरलं तर सात लाखांचं कर्ज पहिल्या हप्त्याच्या दिवशी ९ लाख ४५ हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे साडेबारा हजार. तुम्ही घाबरलात ते या आकड्याला, आणि योग्यच घाबरलात. आता तीन लाखांचं बघा. पाच वर्षांनी ते ४ लाख ५ हजार होतं आणि दहा वर्षांचा हप्ता येतो साधारण ५,३५०. आणखी एक वाट आहे. शिकत असतानाच चढणारं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिना सव्वासहाशे रुपये पडतात, दुसऱ्या वर्षी साडेबाराशे, तिसऱ्या वर्षी पावणेदोन-दोन हजारांच्या मध्ये, मग अडीच हजार. मुद्दल तीन लाखांवरच राहतं, आणि हप्ता होतो चार हजारांच्या आत. शिवाय असं व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्क्याची सूट देतात आणि मुलींना अर्धा टक्का सवलत अनेक सरकारी बँकांत असते. ती मागावी लागते. अर्जाच्या वेळीच मागा, मंजुरीपत्र हातात पडल्यावर नव्हे.

तुम्हाला बहिणीसाठी काही करायचंच असेल तर ते इथे करा. महिना सहाशे ते अडीच हजार रुपये, चार-पाच वर्षं. ही रक्कम तुमच्या पगाराला झेपणारी आहे, तिला शेवट आहे, आणि ‘सगळं कर्ज माझ्या गळ्यात’ या भावनेपेक्षा ती फार वेगळी आहे.

रक्कम चार लाखांच्या आत आली की बँकेचा नूरही बदलतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नाही आणि स्वतःचा हिस्सा भरण्याची अटही नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पत हमी योजना आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीचा मोठा वाटा हमी निधी उचलतो. म्हणूनच त्या मर्यादेपर्यंत तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन मागायचा नसतो. ‘मुदत ठेव ठेवा’, ‘विमा घ्या’, ‘दुसरा जामीनदार आणा’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे विचारा, हे कोणत्या नियमात आहे? विमा काढणं वाईट नाही, पण त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला जाणार असेल तर त्यावरही व्याज बसतं, हे आधी समजून घ्या.

आता सहीकडे येऊ.

तुमच्या पत्रात वडील आहेत, मामा आहेत, एजंट आहे, बँकेतले साहेब आहेत. आई कुठेच नाही. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार पालक असावा लागतो, आणि आई पालकच असते. तिच्या नावावर कुठलंही थकीत कर्ज नसेल, बँकेच्या नोंदीत तिचा इतिहास कोरा असेल, तर कोरा इतिहास म्हणजे खराब इतिहास नव्हे. तिला उत्पन्न नाही हा आक्षेप येईल. पण बँकांच्या संघटनेने ठरवलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा पायाच असा आहे की परतफेड विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईतून व्हायची आहे. नर्सिंगसारखा नोकरीला थेट जोडलेला अभ्यासक्रम असताना हा मुद्दा ठासून मांडा. पहिला अर्ज बहीण आणि आई यांच्या नावाने करा. तुमची सही ही शेवटची पायरी ठेवा, पहिली नको.

वडिलांच्या पीककर्जाचं काय, तेही बघा. किती थकलं आहे? नुसतं व्याज भरून ते नियमित होत असेल तर अर्धा एकर विकण्यापेक्षा ते फार स्वस्तात पडेल. एकरकमी तडजोड सुचवली गेली तर जरा थांबा, कारण तडजोडीने मिटवलेलं कर्ज सिबिलमध्ये पूर्ण फेडलेल्या कर्जासारखं दिसत नाही. आणि नुसत्या सिबिलच्या आकड्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारणं योग्य नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलेलं आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या शाखेवर थेट बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. शाखाधिकाऱ्याला कागदावर नकार लिहिताना दोनदा विचार करायला तो लावू शकतो.

तोंडी नकार हा नकारच नसतो. तुम्हाला परत पाठवलं तेव्हा तुमचा अर्ज बँकेत दाखलच झालेला नव्हता. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. एकाच अर्जातून एकापेक्षा जास्त बँकांकडे मागणी नोंदवता येते आणि अर्जाला क्रमांक मिळतो. त्यानंतर नकार द्यायचा तर बँकेने वरिष्ठांच्या संमतीने आणि कारण देऊन द्यायचा असतो. ‘तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही. रिझर्व्ह बँकेने ते २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे. कारण पटलं नाही तर बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. या तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही.

व्याजाच्या सरकारी सवलतींबद्दल थोडक्यात, कारण इथे गोंधळ फार होतो. साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, शिक्षणकाळ अधिक एक वर्ष, पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं अशी जुनी योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण ती ठरावीक गुणवत्ता यादीतल्या संस्थांपुरती आणि गुणवत्तेवर झालेल्या प्रवेशापुरती. त्यातही दुसरी शासकीय शिष्यवृत्ती किंवा शुल्कपरतावा घेणाऱ्याला ही तीन टक्क्यांची सवलत मिळत नाही. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून फीमाफी घ्या, तीन टक्के त्यापुढे किरकोळ आहेत. शिवाय इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, तिची चौकशी जिल्हा कार्यालयात करा. माझा आग्रह एवढाच, की या सगळ्या सवलती हिशोबात शून्य धरा. मिळाल्या तर आनंद. पण त्या मिळतील असं गृहीत धरून कर्जाची रक्कम वाढवू नका. आणि या केंद्रीय सवलती बँकेच्या कर्जाला आहेत. बिगरबँक वित्तसंस्थेकडून किंवा पतसंस्थेकडून घाईत उचललेलं कर्ज ‘शैक्षणिक’ म्हणून मिरवलं तरी त्याला साडेचार लाखांवाली व्याजमाफी लागू होत नाही.

हे सगळं करूनही तुमच्याच सहीवर गाडं अडलं तर? मग दोन गोष्टी स्पष्ट डोळ्यांपुढे ठेवा. एक, हे कर्ज पहिल्या दिवसापासून तुमच्याही सिबिल अहवालात दिसेल. तुमच्या गृहकर्जाच्या वेळी बँक ते विचारात घेईल, भले हप्ता तेव्हा सुरू झालेला नसो. तीन लाखांच्या कर्जाने गृहकर्ज अडत नाही, पात्रतेची रक्कम थोडी खाली येते. सात-साडेसात लाखांनी मात्र तुमच्या पगारावर ते नक्की जाणवेल. दोन, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात जी वजावट मिळते ती स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी असते. भावाने बहिणीचं व्याज भरलं तर त्याला ती मिळत नाही. तिने स्वतःच्या पगारातून भरलं आणि जुनी करपद्धती निवडली तर तिला मिळते. कायदासुद्धा हे कर्ज तिचंच समजतो, बघा.

आणि हाच मला तुमच्या पत्रातला मोठा खड्डा वाटतो. तुम्ही सगळं लिहिलंत, मामांचं मत लिहिलंत, एजंटाचं लिहिलंत. बहीण काय म्हणते ते एका ओळीतही नाही. सीईटी तिने दिली, जागा तिने मिळवली, कर्जाची मुख्य अर्जदार तीच असणार. तरी ‘हप्ते कुणी भरायचे’ या चर्चेत ती खोलीच्या बाहेर. मग ती उद्या हे कर्ज स्वतःचं मानणार नाही अशी भीती तुम्हाला वाटते. ते कर्ज तिचं आहे असं तिला अजून कुणी सांगितलं आहे का?

तिला बसवा. वरचे आकडे तिच्यापुढे मांडा. साडेपाच हजारांचा हप्ता, तो कधी सुरू होणार, किती वर्षं चालणार. तिच्याच हाताने शुल्कपत्रक मागवून घ्या, पोर्टलवरचा अर्ज तिलाच भरू द्या, पॅन कार्ड काढायला तिलाच पाठवा. अठरा वर्षांची मुलगी उद्या वॉर्डात औषधांचे डोस मोजणार आहे, तिला व्याजाचा हिशोब जड जाऊ नये. आणि एक साधा प्रश्न विचारा : रात्रपाळी, रक्त, मलमूत्र, नातेवाइकांचा संताप, हे तिने कधी जवळून पाहिलं आहे का? ओळखीतली एखादी सिस्टर असेल तर दोन तास तिच्याशी बोलून येऊ द्या. कर्ज बुडण्याची सुरुवात पुष्कळदा पहिल्या वर्षीच शिक्षण सुटण्यात असते.

लग्नाचं म्हणाल, तर लग्नाने कर्जखात्यावरचं नाव बदलत नाही. हप्ता तिच्या पगाराच्या खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना पहिल्याच महिन्यात देऊन ठेवली की ‘कोण भरणार’ हा प्रश्न दर महिन्याला उभा राहत नाही. लग्न ठरवताना समोरच्यांना ‘मुलीचं इतकं कर्ज आहे, इतकी वर्षं तिच्या पगारातून जाणार’ हे आधीच सांगता येतं, सांगावंच. त्यावरून जे मागे हटतील ते तिने नोकरी करण्यावरूनही हटले असते. घरातल्या घरात एक कागदही करा. बहिणीने किती काळ काय भरायचं, तुम्ही व्याजाचा कुठला भाग उचलणार, तिला नोकरी मिळायला उशीर झाला तर किती महिने तुम्ही सांभाळून घ्याल, हे लिहून तिघांनी सह्या करायच्या. कोर्टात जाण्यासाठी नव्हे. पाच वर्षांनी कोण काय बोललं होतं याच्या आठवणी प्रत्येकाच्या वेगळ्या निघतात, म्हणून.

तिचा पगार किती असेल हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ‘नोकरी केली न केली’ यात तो आहेच. गोड बोलून फसवणार नाही. छोट्या खासगी रुग्णालयांत नर्सना मिळणारे पगार लाजिरवाणे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान २० हजार द्यावेत, आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयांनी राज्य सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली होती. शिफारस कागदावर आणि पगार टेबलाखाली, अशी बऱ्याच ठिकाणची स्थिती आहे. दुसऱ्या टोकाला राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० पासून, आणि हे मूळ वेतन, भत्ते वेगळे. तुम्ही हिशोब सरकारी पगारावर करू नका. वीस हजारांवर करा. वीस हजारांत साडेपाच हजारांचा हप्ता ओढाताणीचा पण शक्य आहे. साडेबारा हजारांचा अशक्य आहे. म्हणून मी इतका वेळ त्या सात लाखांच्या मागे लागले.

यावरूनच मामांच्या सल्ल्याकडे येते. जीएनएम हा कमी प्रतीचा रस्ता मुळीच नाही. तीन वर्षांत नोंदणी होते, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, कमावता कमावता शिकता येतं. घरात एक वर्षही थांबायची ताकद नसेल तर तो शहाणपणाचा निर्णय ठरतो. पण तुमच्याकडे बीएस्सीची, रीतसर प्रक्रियेतून मिळालेली जागा हातात आहे आणि तिची फी माफ होण्याची शक्यता आहे. त्यातून एम्सच्या भरतीला बीएस्सीवाली थेट बसू शकते. जीएनएमवालीला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एका वर्षाची बचत म्हणून जी दिसते ती पुढे अशी परत द्यावी लागते. फीमाफीचं उत्तर ‘नाही’ आलं तरच मामांचा पर्याय पुन्हा उघडा. आणि प्रवेशाच्या फेऱ्या शिल्लक असतील तर सरकारी महाविद्यालयाचा पसंतीक्रम काढून टाकू नका.

एजंटाबद्दल फार शब्द खर्च करायची गरज नाही. परराज्यातल्या जागेला महाराष्ट्राची मुलींची फीमाफी नाही, म्हणजे तिथली ‘कमी फी’ तुमच्या फुकट फीपेक्षा महागच. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि तिथल्या राज्य परिषदेची मान्यता आहे का हे तुम्ही स्वतः पाहिलं पाहिजे. कोऱ्या फॉर्मवर सही मागणाऱ्या माणसाला घरात चहासुद्धा देऊ नका.

जमिनीचं वडिलांना सांगा, आत्ता नको. शिक्षणाचं कर्ज पंधरा वर्षांपर्यंत वाटून फेडता येतं, मध्येच जास्तीचे पैसे आले तर बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. विकलेला अर्धा एकर मात्र परत त्या भावात मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाचे पैसे कर्ज मंजूर होण्याआधीच भरावे लागले, तर आईच्या दागिन्यांवर बँकेतून तात्पुरतं सोनेतारण घ्या, तेही पावती जपून. शैक्षणिक कर्ज मंजूर झालं की आधी भरलेल्या रकमेची पावती दाखवून तेवढे पैसे परत मागता येतात. पावती नसेल तर नाही.

अशीच अडचण असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. मुलगा असेल तर शंभर टक्क्यांची ही माफी नाही, पण आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून किंवा आपापल्या प्रवर्गाच्या योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप वेगळी आहे. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अशा अभ्यासक्रमांना राज्यात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि आंतरवासितेसह ते चार वर्षांच्या पुढे जातात, तेव्हा व्याजाचा हिशोब करताना तेवढे महिने वाढवून धरा. आणि हप्ते सुरू झाल्यावर नोकरी गेली किंवा मिळालीच नाही, तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. बेरोजगारीच्या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सोय आदर्श योजनेतच आहे, पण ती न मागता मिळत नाही आणि खातं थकल्यावर मिळणं फार कठीण जातं.

तुमच्यासाठी या आठवड्याचा क्रम असा. उद्या शुल्क नियामकच्या संकेतस्थळावरचा आकडा आणि कॉलेजचं लेखी शुल्कपत्रक. मग तहसील, नॉन-क्रीमीलेअरसाठी. महाडीबीटी सुरू असेल तर त्याच दिवशी अर्ज. त्यानंतर उरलेल्या रकमेचा, तेवढ्याच रकमेचा, विद्यालक्ष्मीवर बहीण आणि आईच्या नावाने अर्ज. प्रवेश निश्चित करण्याची तारीख जवळ असेल तर कॉलेजला अर्जाचा क्रमांक दाखवून मुदत मागा, तीही लेखी. तुमच्या सहीचा विषय बँकेचं लेखी उत्तर आल्यावरच काढू.